गोबरगॅस येतोय पण ज्योत बसते, जनरेटर भुकभुक करून बंद पडतो: काय काय तपासायचं आणि कुठं थांबायचं

दिवाळी झाली की माझा फोन सुरू होतो आणि शिमग्यापर्यंत थांबत नाही. करवीर, कागल, हातकणंगले, शिरोळ, कुठूनही असू दे, पहिलं वाक्य ठरलेलं. "मिस्त्री, गॅस मेलाय बघा." जाऊन बघावं तर दहातल्या सहा-सात ठिकाणी गॅस मेलेला नसतोच, टाकीत व्यवस्थित तयार होत असतो, तो शेगडीपर्यंत किंवा इंजिनापर्यंत पोचत नसतो एवढंच. आणि मी पोचायच्या आत घरातल्यांनी टाकीचं झाकण उघडायची तयारी केलेली असते, ते बघून माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितोय, गोठ्याच्या मागं टाकी असणाऱ्या प्रत्येकासाठी.

हे प्रामुख्यानं दीनबंधू पद्धतीच्या, म्हणजे जमिनीखाली पक्क्या घुमटाच्या टाकीसाठी आहे, १९८४ साली आलेलं हे मॉडेल आपल्याकडं जास्त दिसतं. लोखंडी किंवा फायबरच्या तरंगत्या टोपीची टाकी असेल तरी बाकी सगळं तेच, फक्त गॅस किती साठलाय ते टोपी किती वर आली त्यावरून लगेच कळतं.

लक्षणं काय असतात

सकाळचा चहा होतो, भाकरीला बसलं की ज्योत खाली बसते. किंवा ज्योत नाचते, मध्येच मोठी मध्येच बारीक, पाईपमधनं गुडगुड आवाज येतो. किंवा गॅसचा फुस्स आवाज येतो, वासही येतो, पण काडी लावली तर पेटत नाही किंवा पेटून विझतो. ज्योत पिवळी, भांड्याला काजळी. जनरेटर असेल तर रिकामा छान चालतो आणि कडबाकुट्टी लावली की दम सोडतो, किंवा लाईटचे बल्ब कमीजास्त होतात, किंवा दोन महिन्यांतच इंजिनाचं ऑइल डांबरासारखं होतं. आउटलेटला, म्हणजे टाकीतनं माल बाहेर पडायच्या तोंडाला, स्लरी (पचलेला पातळ शेणकाला) येत नाही, किंवा येते तिला शेणकाल्याचा वास न येता आंबलेला, नाकात जाणारा वास येतो.

यातलं तुमचं लक्षण कुठलं ते नीट बघून ठेवा, कारण गॅस पेटतोय पण पुरत नाही ही एक गोष्ट, आणि गॅस आहे पण पेटतच नाही ही पूर्ण वेगळी. पहिली बहुतेक वेळा पाईपची, गळतीची किंवा शेणाच्या हिशोबाची असते. दुसरी टाकीच्या पोटाची.

आधी विटेची खूण, पैसे शून्य

रात्री मेन कॉक बंद करा. बॅटरी घेऊन आउटलेटच्या कुंडीत स्लरी कुठपर्यंत आहे तिथं भिंतीवर विटेच्या तुकड्यानं रेघ मारा. सकाळी धारा काढायच्या आधी परत बघा. घुमटात गॅस साठला की तो स्लरीला खाली दाबतो आणि तेवढी स्लरी आउटलेटला वर चढते, त्यामुळं रेघेच्या वर वीत-दीड वीत चढली असेल तर तुमची टाकी जिवंत आहे आणि दोष पुढं पाईपात, शेगडीत किंवा इंजिनात आहे. टाकीला हात लावू नका.

चढलीच नाही तर एकतर गॅस तयार होत नाही किंवा घुमट गळतोय. आणि एक बारकी गोष्ट, तीन-चार दिवस रोज रेघ मारली तर कळते. स्लरी दरवेळी एका ठरावीक उंचीपर्यंत चढते आणि सांडायच्या भोकाच्या बरीच आधी तिथंच थांबते, असं होत असेल तर घुमटाला बाजूला चीर असायची शक्यता मोठी आहे. आत स्लरी त्या चिरेच्या खाली गेली की चीर उघडी पडते आणि पुढचा सगळा गॅस तिथनं जातो. ही चार दिवसांची नोंद मला कुणी हातात दिली की माझा अर्धा दिवस वाचतो.

पाईपातलं पाणी, सगळ्यात जास्त वेळा हेच

गोबरगॅस टाकीतनं निघताना वाफेनं भरलेला असतो. टाकी आत उबदार, बाहेर डिसेंबरची पहाट, पारा पंधराच्या आसपास, मग ती वाफ पाईपात थंड होऊन पाणी बनते आणि जिथं पाईप झोळ खाऊन लोंबकळलाय तिथं साठते. गॅसचा दाब तसा फार कमी असतो, त्यामुळं वीतभर पाणी साठलं तरी गॅस अडतो. ज्योत नाचते, गुडगुडते, ती याच्यामुळं. हिवाळ्यातच फोन का वाढतात त्याचं पहिलं कारण हे.

शेगडीचा आणि मेन कॉक बंद करा, वॉटर ट्रॅपचा, म्हणजे पाईपातलं पाणी गोळा व्हायच्या जागेचा, नळ उघडून पाणी सोडा. ट्रॅप नसेलच, तर पाईपच्या सगळ्यात खालच्या जागी टी टाकून एक कॉक बसवा, शे-दोनशेचं काम. आणि पाईपला दर मीटरमागं एक सेंटीमीटर तरी उतार ट्रॅपकडं पाहिजे. वडणग्याच्या बाजूला एका घरी दोन वर्षं दर हिवाळ्यात हाच त्रास, टाकी बांधणाऱ्यानं पाईप पेरूच्या झाडाला बांधून घरात नेलेला, फांदी वाढली तसा पाईप मध्ये वर उचलला आणि दोन्ही बाजूला झोळ. खाली खांब रोवून तार ताणली, पाईप तिच्यावर बांधला, संपलं. त्या वहिनींनी तोवर दोन वर्षं थंडीत पहाटे चुलीचा धूर खाल्ला होता, ते ऐकून खरंच वाईट वाटलं.

शेगडी आणि नोझल

गोबरगॅसची शेगडी वेगळी असते. सिलिंडरच्या शेगडीचं भोक बारीक, कारण तिथं गॅस दाबानं येतो आणि ताकदही जास्त. आपल्या १ घनमीटर गोबरगॅसमध्ये साधारण ४५० ग्रॅम सिलिंडरच्या गॅसएवढीच उष्णता असते, आणि त्यात मिथेन पन्नास-साठ टक्केच, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. त्यामुळं नोझलचं भोक मोठं लागतं. घरात नवीन चकचकीत सिलिंडरची शेगडी आणून तिला हा पाईप जोडणारे मी खूप बघितलेत, ती चालणार नाही.

जुन्याच शेगडीत ज्योत पिवळी असेल तर हवेची पट्टी थोडी उघडा, ज्योत बर्नरवरनं उचलून विझत असेल तर थोडी झाका. निळी आणि स्थिर झाली की थांबा. नोझल काळं पडलं असेल तर स्टोव्हच्या पिनेनं साफ करा, पण खिळा घालून भोक मोठं करू नका. पितळ सारखंसारखं काळं पडत असेल तर गॅसात गंधक जास्त आहे, त्याचं पुढं सांगतो.

गळती

साबणाचं पाणी आणि जुना ब्रश. प्रत्येक जॉइंट, कॉक, टी, घुमटाच्या मानेजवळचा पाईप. फुगे आले की तिथं सफेदा-धागा नाहीतर टेफलॉन. काडी पेटवून गळती शोधायची नाही म्हणजे नाही, कितीही वर्षं तुमचे आजोबा तसंच करत असले तरी. हवेत पाच ते पंधरा टक्के मिथेन मिसळला की तो भडकतो, आणि बंद स्वयंपाकघरात तेवढं व्हायला वेळ लागत नाही.

थोडा खर्च करायचा असेल तर पारदर्शक नळी घ्या, यू आकारात पाटावर बसवा, निम्मी पाण्यानं भरा आणि एक टोक टी लावून लाइनला जोडा. दोन्ही बाजूच्या पाण्यातला फरक म्हणजे तुमचा दाब. मेन कॉक आणि शेगडी दोन्ही बंद करून पंधरा मिनिटं बघा, पाणी खाली आलं तर मधल्या लाइनमध्ये गळती आहे, हललं नाही तर लाइन ठीक. पन्नास-साठ रुपयांत घरचा मीटर होतो आणि अंदाजपंचे बोलणं बंद होतं.

शेणाचा हिशोब

इथं थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. २ घनमीटरच्या टाकीला रोज ५० किलो ताजं शेण लागतं. एक म्हैस दिवसाला १२ ते १५ किलो देते, म्हणजे चार म्हशी पाहिजेत, त्यासुद्धा गोठ्यात बांधलेल्या. बरेचजण टाकी बांधली तेव्हा पाच म्हशी होत्या, आता दोन राहिल्या, आणि गॅस मात्र तेवढाच पाहिजे. शेण आणि पाणी समसमान, गुठळ्या फोडून, वैरणीचे बुडखे आणि खडे काढून. गोठा धुतलेलं सगळं पाणी टाकीत सोडलं तर काला पातळ होतो आणि शेण कुजायला लागणाऱ्या चाळीसेक दिवसांच्या आतच आउटलेटनं बाहेर पडतं, न पचलेलं जेवण बाहेर पडावं तसं.

जनरेटरवाल्यांनी तर हा हिशोब भिंतीवर लिहून ठेवावा. छोट्या इंजिनात १ घनमीटर गॅसपासून एक ते दीड युनिट वीज निघते, त्याहून जास्तीचं कुणी सांगत असेल तर त्याला तुमच्या गोठ्यात करून दाखवायला सांगा. कडबाकुट्टी, दूध काढायचं मशीन, चार बल्ब असं मिळून २ किलोवॅट तीन तास चालवायचं तर ६ युनिट झाले, म्हणजे पाच-सहा घनमीटर गॅस निव्वळ त्यालाच. त्याला दीडशे किलो शेण रोज, दहा-बारा म्हशी. सहा म्हशींवर स्वयंपाक पण आणि कडबाकुट्टी पण हे जुळत नाही, यात मिस्त्री काय आणि इंजिन काय, कुणाचा दोष नाही.

थंडी

गॅस करणारे जिवाणू ३० ते ३७ अंशात खूश असतात. आपली थंडी फार कडक नसते, पण नदीकाठच्या मळ्यात पहाटे अंगावर काटा येतोच, काला टाकीतही गार होतो आणि गॅस कमी होतो. काला सकाळी गार पाण्यात कालवू नका, दुपारी उन्हात तापलेल्या पाण्यात कालवा, शेण ताजं उबदार असतानाच. घुमटावरच्या मातीवर पाचटाचा (उसाच्या वाळक्या पाल्याचा) हातभर थर आणि वर काळं प्लास्टिक. जनरेटर पाण्यानं थंड होणारा असेल तर त्याचं गरम पाणी बाहेर सोडून देता कशाला, तेच काल्याला वापरा, इंजिनात जळणाऱ्या गॅसचा मोठा वाटा उष्णता होऊनच निघून जातो. कागलच्या बाजूला एका दूधवाल्या मामांनी हे केलंय, त्याच पाण्यानं ते दुधाची भांडीही धुतात.

गॅस आहे पण पेटत नाही: टाकी आंबलीय

आता खरं दुखणं. टाकीत दोन टप्प्यांत काम चालतं, एक जात शेण फोडून आंबट करते, दुसरी जात त्या आंबटाचा मिथेन करते. पहिली जात चिवट आणि वेगवान, दुसरी नाजूक आणि सावकाश. सहज पचणारं गोड काही भरपूर टाकलं की पहिली सुसाट सुटते, आंबटपणा वाढतो, दुसरी त्यात मरते. मग गॅस येतो तो नुसता कार्बन डायऑक्साइड. तो पेटणार कसा?

आपल्याकडं याचं नेहमीचं कारण गुऱ्हाळ. हंगामात काहिलीवरची मळी फुकट मिळते, कुणीतरी सांगतं टाकीत टाक, गॅस वाढतो. वाढतोही, दोन-तीन दिवस. पन्हाळ्याच्या पायथ्याला एका तरुण पोरानं रोज दोन बादल्या मळी ओतली, पहिल्या दिवशी मला फोन करून आनंदानं सांगितलं, आठव्या दिवशी रडवेला फोन. हॉटेलचं खरकटं, नासलेलं ताक, सडलेला भाजीपाला, सगळ्याचं तसंच. अजिबात टाकू नका असं मी म्हणत नाही, ही सगळी चांगली खाद्यं आहेत, पण अर्ध्या बादलीपासून सुरू करायचं आणि आठवडा-आठवडा थांबून वाढवायचं.

तपासायला पीएच पट्टी आणा, शाळेच्या प्रयोगशाळेला सामान देणाऱ्या दुकानात मिळते. आउटलेटची स्लरी ६.८ ते ७.५ मध्ये पाहिजे. साडेसहाच्या खाली गेली तर टाकी आंबली. मग शेण सोडून बाकी सगळं बंद, आणि शेणसुद्धा आठ-दहा दिवस बंद. शेजारच्या चांगल्या चालणाऱ्या टाकीची आठ-दहा बादल्या स्लरी आणून इनलेटनं ओता, हे विरजण आहे, याच्यासारखं दुसरं औषध नाही. फारच आंबली असेल तर भिजवलेल्या चुन्याची निवळी थोडी थोडी, दिवसाआड, मोजत मोजत. पाच किलो चुना एकदम ओतणाऱ्यांनी टाकी दुसऱ्या टोकाला नेऊन मारलीय. आतला न पेटणारा गॅस उघड्यावर सोडून द्या, आसपास विस्तव नको. निळी ज्योत परत यायला दोन-तीन आठवडे लागतात, कधी महिना. त्या काळात शेण ढकलायचा मोह आवरा.

पीएच ठीक आहे तरी टाकी मेली असेल तर गोठ्यात काय वापरलं ते आठवा. फिनेल, ब्लीचिंग, खुरांच्या औषधाचं मोरचूद. म्हशीला दगडी (कासेचा आजार) झाली आणि डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर तिचं शेण कोर्स संपून आठवडाभर तरी उकिरड्यावर टाका, टाकीत नको. ते औषध जिवाणू मारायलाच केलेलं असतं, त्याला तुमचे जिवाणू आणि रोगाचे असा फरक कळत नाही.

पाचट आणि गाळ

पाचट टाकीत घालू नका. ऊसपट्ट्यात हा प्रश्न मला रोज येतो. पाचटात कार्बन फार, नत्र फार कमी, आणि त्यातला लाकडासारखा भाग या जिवाणूंना फोडता येत नाही. ते तरंगतं, वर जाड साय धरते आणि खालचा गॅस अडकतो. ते शेतात आच्छादन म्हणून कुजवा, जमिनीला द्या. चिपाड चुलवाणाला जातं तेच बरोबर, साखर कारखानेसुद्धा त्याच्यावर बॉयलर पेटवून टर्बाइन फिरवतात आणि वीज विकतात, ते जळणाचं काम आहे, कुजवायचं नाही. साय धरली असेल तर इनलेटनं लांब बांबू घालून रोज पाच मिनिटं पुढं-मागं करा, वरनं, बाहेर उभं राहून.

२०१९ च्या ऑगस्टात महापूर आला तेव्हा शिरोळकडच्या कित्येक टाक्यांत नदीचा गाळ बसला. त्या टाक्यांत शेण टाकलं की लगेच आउटलेटला येतं, कारण आत जागाच उरलेली नाही. बांबू खाली टेकवून बघा, बांधताना जेवढी खोली होती त्याच्या फूट-दोन फूट आधीच कठीण लागलं तर गाळ आहे.

जनरेटर

बाकी सगळं ठीक आणि फक्त कडबाकुट्टीला बंद पडतोय तर आधी मोटर बघा. ३ एचपीची मोटर चालताना सव्वादोन किलोवॅट, पण सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, त्याला ३ केव्हीएचा जनरेटर मानच टाकणार. कुट्टी रिकामी सुरू करा, वैरण नंतर घाला. डिझेलवर आणि गॅसवर मिळून चालणारं इंजिन असेल तर थोडं डिझेल, साधारण पाचवा हिस्सा, लागणारच, पेटवायचं काम तेच करतं. एअर फिल्टर झटका, प्लग असेल तर काढून पुसा, इंजिनाच्या आधीच्या ट्रॅपचं पाणी सोडा.

ऑइल लवकर काळं होत असेल, कुजक्या अंड्याचा वास असेल, तर हायड्रोजन सल्फाइड. तो इंजिनात जळून आम्ल होतो आणि बेअरिंग खातो. यावर कोल्हापूरकरांना परदेशी फिल्टरची गरज नाही. उद्यमनगर किंवा शिरोलीत लेथवरचं लोखंडी बोरिंग, म्हणजे लोखंडाचा कीस, किलोवर मिळतं, पाणी मारून आठवडाभर उघड्यावर गंजू द्या, लाकडाच्या भुशात मिसळून, ओलसर ठेवून प्लास्टिकच्या ड्रममध्ये भरा आणि गॅस खालनं घालून वरनं काढा. गंज गंधक धरून ठेवतो. लाल-तपकिरी माल पूर्ण काळा झाला की बदला. बदलताना एक जपा, काळा झालेला माल हवेत उघडा केला की स्वतःहून तापतो आणि पेटूही शकतो, म्हणून भरपूर पाणी मारत, पाचटापासून आणि गंजीपासून लांब, उघड्या जागी पसरा.

इथं थांबा, माणूस बोलवा

टाकीत उतरायचं नाही. रिकामी दिसली तरी नाही, कमरेला दोर बांधून नाही, "दोन मिनिटात येतो" म्हणून नाही. आतला हायड्रोजन सल्फाइड जास्त असला की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं गॅस गेला. एक उतरतो, पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही पडतो. अशा बातम्या तुम्हीही वाचल्यात. गाळ काढायचा असेल, घुमटाला चीर असेल, तर टाकी मोकळी करून, ब्लोअरनं हवा खेळवून, गॅस मोजायचं यंत्र घेऊन येणाऱ्यांकडूनच करून घ्या. पंचायत समितीच्या कृषी विभागात प्रशिक्षण घेतलेल्या गवंड्यांबद्दल चौकशी करा.

जनरेटर घराच्या वायरिंगला जोडायचा तर चेंजओव्हर स्विच आणि लायसन्सवाला वायरमन. नाहीतर तुमची वीज उलटी महावितरणच्या लाइनवर जाते आणि लाईट गेली म्हणून खांबावर चढलेल्या माणसाचा जीव जातो. इंजिनाचा हेड, व्हॉल्व्ह, गव्हर्नर हेही घरी उघडू नका.

आणि कुणालाही बोलवाल तेव्हा चार गोष्टी तयार ठेवा: चार दिवसांच्या रेघांची उंची, रोज किती पाट्या शेण पडतं, शेवटच्या महिन्यात शेणाशिवाय टाकीत काय काय गेलं, आणि आउटलेटच्या स्लरीची पीएच पट्टी. मळी टाकली असेल तर मळी टाकली असं सांगा, मी रागवत नाही.